दिवस कोणत्या अंतरावर जातो?

सांगलीहून मिरजेला निघाले की मध्ये विश्रामबाग लागते. 1919 सालचे विलिंग्डन महाविद्यालय, 1947 सालचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय, रेल्वे स्टेशन, शंभर फुटी रस्ता, आणि मिरजेच्या अंगाला वानलेसवाडी. शिक्षणासाठी ओळखल्या जाणाऱ्या या पट्ट्यात आता दवाखान्यांचीही दाटी आहे. जत, कवठेमहांकाळ, तासगावकडची माणसे इथे उपचाराला येतात, तशीच सीमेपलीकडून अथणी-चिकोडीचीही येतात. त्यांतल्या साठी ओलांडलेल्या पुष्कळांचे काम एकच असते : मोतीबिंदू.

अनेक ठिकाणी पुढचा क्रम ठरलेला असतो. तपासणी होते, डोळ्यांत थेंब पडतात, डॉक्टर मोतीबिंदू असल्याचे सांगतात आणि रुग्णाला त्याच्या मुलासह दुसऱ्या खोलीत पाठवले जाते. तिथे काऊन्सेलर भिंगांचा तक्ता समोर ठेवते. भारतीय भिंग, परदेशी भिंग, त्याहून वरचे मल्टिफोकल, आणि प्रत्येकापुढे रक्कम. मग विचारले जाते, "कितीपर्यंतची लेन्स बसवायची?" मुलगा मनात हिशेब करतो, मेडिक्लेममधून किती मिळतील ते विचारतो, आणि आकडा ठरतो. ज्याच्या डोळ्यात ते भिंग आयुष्यभर राहणार आहे तो माणूस, थेंबांनी सगळे धूसर झालेले, शेजारी बसून असतो.

माझे म्हणणे असे की पैशांचा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न रुग्णालाच विचारायला हवा : तुमचा दिवस कोणत्या अंतरावर जातो? हा प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत. त्याचे उत्तर अमलात आणायलाही बहुतेक वेळा जास्तीचे पैसे लागत नाहीत. तरी महागड्या पॅकेजमध्ये तो राहून जातो आणि मोफत शिबिरातही राहून जातो.

यामागची गोष्ट समजायला सोपी आहे. तरुणपणी डोळ्यातले नैसर्गिक भिंग आपला आकार बदलते, म्हणून लांबची एसटीची पाटी आणि हातातले पुस्तक दोन्ही स्पष्ट दिसतात. चाळिशीनंतर ती लवचीकता कमी होते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत गढूळ झालेले ते भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात. साधे, म्हणजे मोनोफोकल भिंग एकाच अंतरावर स्पष्ट प्रतिमा देते, आणि ते अंतर कोणते हे शस्त्रक्रियेआधी ठरवता येते. डोळ्याची लांबी आणि बुबुळाचा बाक मोजून भिंगाची शक्ती काढतात. ती अशी निवडता येते की लांबचे चष्म्याविना दिसावे, किंवा मुद्दाम वजा दोनच्या आसपास नंबर राहावा, म्हणजे अर्ध्या मीटरवरचे चष्म्याविना दिसावे आणि लांबसाठी चष्मा लागावा. भिंग तेच, किंमत तीच. एका डोळ्यात लांबचे आणि दुसऱ्यात जवळचे अशी विभागणीही करतात, आणि ज्यांना ती मानवते ते त्यावर समाधानी असतात. पण सहसा काही न विचारता लांबचे अंतर धरले जाते. बहुतेकांना ते चालतेही. प्रश्न उरलेल्यांचा आहे, आणि आपल्या भागात ते उरलेले थोडे नाहीत.

तासगावच्या बाजूला बेदाण्याची प्रतवारी करणाऱ्या बाया पाहा. दिवसभर समोरच्या ढिगातून काळा पडलेला, फुटलेला, देठ राहिलेला दाणा वेचायचा. नजर हाताच्या टप्प्यात, एक-दीड फुटावर. अशा बाईचा मोतीबिंदू काढून तिला लांबचे उत्तम दिसू लागले आणि जवळचा चष्मा मात्र मिळाला नाही, तर रस्त्यावरून येणारा माणूस तिला ओळखू येईल, पण दाणा ओळखू येणार नाही. दवाखान्याच्या कागदावर ती यशस्वी शस्त्रक्रिया. तिच्या मजुरीच्या हिशेबात नुकसान. उलट द्राक्षबागेत विरळणी करणाऱ्याचे हात मांडवाखाली डोक्याच्या पातळीवर चालतात. त्याला हातभर अंतर हवे, आणि बांधावरून चालताना लांबचेही हवे. ट्रक चालवणाऱ्याला सगळ्यात आधी रात्रीचा रस्ता हवा. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत सतारीची जवारी काढणारा कारागीर तारांखालच्या घोडीच्या पृष्ठभागावर कानस फिरवतो तेव्हा कान आणि डोळा दोन्ही लागतात, आणि डोळ्याचे काम वीतभर-हातभर अंतरातच असते. विश्रामबागेतल्या निवृत्त प्राध्यापकांचा वेळ संगणकापुढे जातो, म्हणजे साधारण साठ-सत्तर सेंटिमीटरवर. आणि रोज पहाटे पोथी वाचणाऱ्या आजींना पोथीची ओळ दिसली की बाकीच्या गोष्टींसाठी चष्मा लावायला त्यांची तक्रार नसते.

इथे एका गटाचा वेगळा उल्लेख करायला हवा, कारण त्यांच्यावर हा अन्याय नकळत होतो. लहानपणापासून वजा नंबर असलेली माणसे. ही मंडळी लांबसाठी चष्मा लावतात आणि वाचताना तो कपाळावर सरकवतात किंवा काढून ठेवतात. पन्नास वर्षे चष्म्याविना वाचलेल्या अशा माणसाचा नंबर शस्त्रक्रियेत शून्यावर आणला, तर लांबचे लख्ख होते, पण जे अंतर आयुष्यभर त्याचे हक्काचे होते तेच हातचे जाते. आता वर्तमानपत्राला चष्मा, मोबाइलला चष्मा, गोळीच्या पाकिटावरचे नाव वाचायला चष्मा. डॉक्टर म्हणतात नंबर गेला. रुग्ण म्हणतो मला वाचता येईना. दोघेही खरे बोलत असतात. आधी पाच मिनिटे बोलणे झाले असते तर हा पेच आलाच नसता.

या शस्त्रक्रियेचा इतिहास पाहिला तर यशाची व्याख्या किती बदलत गेली हे दिसते, आणि तो इतिहास या पट्ट्यातूनही गेला आहे. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये मिशनचे रुग्णालय उभे केले. वानलेसवाडीचे नाव त्यांच्यावरूनच पडले. त्या काळी मोतीबिंदू काढायचा म्हणजे भिंग काढून टाकायचे, जागी काही बसवायचे नाही. आंधळा झालेला माणूस स्वतःच्या पायाने चालू लागला तर ते यश, आणि ते खरोखरच मोठे यश होते. नंतर डोळ्यावर अधिक दहाच्या आसपासचा चष्मा येई. लोक त्याला सोडावॉटरचा चष्मा म्हणत. तो प्रत्येक वस्तू पाव हिश्शाहून मोठी दाखवायचा, कडेचे जग वाकवायचा, आणि एकाच डोळ्याचे ऑपरेशन झाले असेल तर दोन डोळ्यांच्या प्रतिमा जुळायच्याच नाहीत. पेल्यात पाणी ओतताना ते बाहेर सांडणारे, पायरीचा अंदाज चुकणारे म्हातारे-म्हाताऱ्या आपल्यातल्या अनेकांनी घरात पाहिल्या आहेत.

भिंग बसवण्याची कल्पना लंडनच्या हॅरल्ड रिडली यांची. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेसारख्या प्लास्टिकचे कण शिरत, पण डोळा ते सहन करी, हे त्यांनी पाहिले होते. 29 नोव्हेंबर 1949 रोजी सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी त्याच प्रकारच्या प्लास्टिकचे भिंग पहिल्यांदा डोळ्यात ठेवले. भिंग टिकले, पण त्या बाईंना मोठा वजा नंबर आला, कारण भिंगाची शक्ती जास्त झाली होती. आजही डोळ्याची लांबी मोजण्यात एक मिलिमीटरची चूक झाली तर नंबर अडीच ते तीनने चुकतो. भिंगाच्या कंपनीवर तासभर चर्चा करणाऱ्या नातेवाइकांनी ही मोजणी कशी झाली, दोनदा झाली का, हे विचारायला विसरू नये. निकाल कंपनीपेक्षा तिच्यावर जास्त अवलंबून असतो.

आपल्या देशात मात्र मोठा प्रश्न संख्येचा होता. आजच्या बागलकोट जिल्ह्यातल्या बिळगीचे डॉ. एम. सी. मोदी गावोगाव शिबिरे घेऊन एकेका दिवसात शेकडो शस्त्रक्रिया करीत. 1976 मध्ये अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. 1994 पासून जागतिक बँकेच्या साह्याने सात राज्यांत मोतीबिंदूचा प्रकल्प राबवला गेला आणि त्यात महाराष्ट्र होता. मदुराईच्या ऑरोलॅबने 1992 पासून स्वस्त भिंगे बनवली, म्हणून गरिबाच्या डोळ्यातही भिंग आले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तात्याराव लहाने यांच्या हातून लाखाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. या सगळ्यांचे ऋण मानूनच पुढचे लिहितो आहे. 2015 ते 2019 च्या राष्ट्रीय पाहणीतही पन्नाशीपुढच्या लोकांमधल्या अंधत्वाचे 66.2 टक्के कारण मोतीबिंदूच निघाले, तेव्हा संख्येची लढाई संपलेली नाही. पण संख्येच्या लढाईत एक सवय लागली : किती डोळे झाले ते मोजायचे, त्या डोळ्यांनी माणूस काय करू शकला ते नाही.

ही सवय का सोडावी लागेल हे पुण्यातल्या एका अभ्यासावरून स्पष्ट होते. एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात डॉ. परीक्षित गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 400 डोळ्यांवर तुलना केली आणि ती 2005 मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांवर यंत्राने केलेली फॅको शस्त्रक्रिया, निम्म्यांवर हाताने केलेली, लहान छेदाची, स्वस्त एसआयसीएस. सहा आठवड्यांनी योग्य चष्मा लावून पाहिले तर दोन्ही गटांत 98 टक्क्यांहून जास्त लोकांची नजर 6/18 किंवा त्याहून चांगली होती. काहीही फरक नाही. चष्मा न लावता पाहिले तेव्हा मात्र फॅकोच्या गटात सुमारे 81 टक्के आणि दुसऱ्या गटात सुमारे 71 टक्के त्या पातळीला पोचले. हा छेद फॅकोच्या छेदापेक्षा मोठा असतो, आणि छेद मोठा असला की बुबुळाचा बाक थोडा बदलतो आणि तिरपा नंबर राहतो, हे त्याचे मुख्य कारण.

या आकड्यांचा अर्थ बहुतेक जण स्वस्त पद्धतही महागड्या पद्धतीइतकीच चांगली असा लावतात. तो बरोबर आहे. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. दोन गटांमधले दहा टक्क्यांचे अंतर चष्म्याने भरून निघते. म्हणजे चष्मा मिळाला तरच भरून निघते. जत तालुक्यातल्या शेतमजुराला सहा आठवड्यांनी पुन्हा बोलावून, नंबर काढून, चष्मा हातात दिला का? दिला असेल तर घामाने तो घसरत असताना तो शेतात घालतो का? जो चष्मा वापरणार नाही, त्याच्यासाठी ते दहा टक्के खरे आहेत, आणि जो आनंदाने वापरेल त्याला जास्त पैसे खर्च करायला लावण्यात अर्थ नाही. कोण कुठल्या गटातला, हे यंत्राला कळत नाही. विचारावेच लागते.

जागतिक मोजमापही हळूहळू या दिशेला येते आहे. 2021 मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने 2030 पर्यंतचे उद्दिष्ट ठरवताना नुसत्या शस्त्रक्रिया न मोजता, शस्त्रक्रियेनंतर रुग्ण जसा येईल तसा, असला तर स्वतःच्या चष्म्यासह, त्याची नजर 6/12 पर्यंत आहे का हे मोजायचे ठरवले. चांगली सुधारणा आहे. तरी हे मोजमाप लांबच्या तक्त्यावरचे आहे. बेदाणा वेचणारी बाई त्यात उत्तीर्ण होते. तिची अडचण पकडायची तर प्रश्नावली लागते. अमेरिकेत 1994 मध्ये चौदा कामांवर आधारलेली एक प्रश्नावली आली. भारतातही इथल्या रुग्णांशी बोलून 33 प्रश्नांची एक तयार झाली, तिच्यात रोजच्या कामांबरोबर नजर गेल्याने मनावर होणारा परिणामही विचारला आहे. या प्रश्नावल्या संशोधनाच्या कागदांत आहेत. रोजच्या केसपेपरवर त्यांतले चार प्रश्न जरी आले तरी पुष्कळ होईल.

आता महागड्या भिंगांविषयी. मी त्यांच्या विरोधात नाही. तिरपा नंबर जास्त असलेल्या माणसाला टोरिक भिंगाने मिळणारा फायदा खरा आहे, मात्र ते अचूक कोनात बसायला हवे. एका अंशाने फिरले तर साधारण तीन टक्के परिणाम कमी होतो आणि तीस अंशांनी फिरले तर काही उरत नाही. मल्टिफोकल आणि ट्रायफोकल भिंगे लांबचे आणि जवळचे दोन्ही दाखवतात, त्यामुळे चष्म्यावरचे अवलंबन कमी होते, हे अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा घेतल्यावरही टिकून राहिलेले निरीक्षण आहे. त्याच आढाव्यात हेही आहे की अशा लोकांना दिव्यांभोवती कडी आणि चकाकी जास्त जाणवते. कारण डोळ्यात येणारा प्रकाश हे भिंग दोन-तीन अंतरांत वाटून देते. प्रत्येक अंतराच्या वाट्याला कमी प्रकाश येतो. संधिप्रकाशात करड्यावरचे करडे ओळखण्याची क्षमता थोडी घटते. रात्री सांगली-मिरज रस्त्यावर समोरून येणाऱ्या दिव्यांत गाडी चालवणाऱ्याला हे आधी सांगितले पाहिजे. मधुमेहाने पडदा खराब झाला असेल किंवा काचबिंदूने नजर आधीच क्षीण झाली असेल, तर असा प्रकाश वाटून घेणे त्या डोळ्याला परवडत नाही, मग खिशात कितीही पैसे असोत.

लेझर या शब्दाचीही भुरळ मोठी. फेम्टोसेकंद लेझरने केलेली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया चांगल्या फॅकोपेक्षा रुग्णाच्या नजरेला जास्त काही देते का, हे फ्रान्स आणि इंग्लंडमधल्या मोठ्या चाचण्यांनी तपासले, आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तसा फायदा दिसला नाही. खर्च मात्र वाढतो. हे भिंगांच्या तक्त्यावर लिहिलेले मी पाहिलेले नाही. लिहायला हवे.

डॉक्टरांची बाजूही आहे. यंत्रसामग्री महाग असते, बाहेर रुग्णांची रांग असते, आणि खूप माहिती दिली की घाबरून परत जाणारेही असतात. "लोकांना यातले काय कळते, तज्ज्ञाने ठरवावे," असे अनुभवी डॉक्टरही म्हणतात. भिंगाची शक्ती, छेद कुठे घ्यायचा, पडदा ठीक आहे का, हे तज्ज्ञानेच ठरवावे, यात शंका नाही. पण माणूस दिवसभर काय करतो याचा तज्ज्ञ तो माणूसच असतो. शिबिरात इतका वेळ कुठून काढायचा, हा आक्षेप जास्त गंभीर आहे. त्यावर माझे उत्तर असे : वेळ शस्त्रक्रियेच्या दिवशी शोधू नये. ग्रामीण रुग्णालयातला नेत्र चिकित्सा अधिकारी रुग्णाला पहिल्यांदा तपासतो, तेव्हाच हे विचारता येते. काम काय करता, वाचता का, रात्री गाडी चालवता का, आजवर चष्मा कशासाठी लावत होता, पुढे कशासाठी चालेल. आशा कार्यकर्तीलाही घरची ही माहिती असते. सीमाभागातून आलेल्या रुग्णाला ते कानडीत विचारावे, इतकेच.

खरी अडचण मला घरात जास्त दिसते. आजींना विचारले तर त्या म्हणतात, "मला काय, तुम्ही ठरवाल ते." ही पसंती नव्हे, मुलाच्या खर्चाची काळजी आहे. मुलगा ते होकार समजतो आणि पुढे जातो. तो कंजूष नसतो, उलट सगळ्यात महाग भिंग बसवले म्हणजे आईसाठी सगळे केले असे त्याला मनापासून वाटते. पण आईला संध्याकाळी दिव्याभोवती कडी दिसू लागली तर ती हे कोणाला सांगत नाही. एवढे पैसे घातल्यावर तक्रार कशी करायची, असे तिला वाटते. त्यामुळे समाधानाच्या आकड्यांतही तिचा त्रास येत नाही.

दुसऱ्या डोळ्याचेही असेच होते. एका डोळ्याने दिसतेय ना, मग राहू दे, असे म्हणत वर्षे जातात. थांबण्याची किंमत पहिल्या डोळ्याच्या बाबतीत मोजलेली आहे : इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम इथे सत्तरीपुढच्या स्त्रियांवर झालेल्या चाचणीत पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया लवकर केल्याने पडण्याचे प्रमाण 34 टक्क्यांनी कमी झाले. न्हाणीघरात किंवा कृष्णेच्या घाटावर पाय घसरून खुबा मोडणे म्हणजे काय, हे घरात म्हातारे माणूस असलेल्यांना सांगावे लागत नाही. दोन्ही डोळ्यांची नजर जुळली की खोलीचा अंदाज येतो. शिवाय दुसऱ्या डोळ्याच्या वेळी रुग्णाला पहिल्याचा अनुभव असतो. काय आवडले, काय खुपले, हे त्याला आता नेमके सांगता येते. तेव्हा तरी त्याला बोलू द्यावे.

डॉक्टरांना माझी विनंती आहे : थेंब घालण्याआधी, तक्ता दाखवण्याआधी, केसपेपरवर एक ओळ लिहा, या माणसाला चष्म्याविना कोणते अंतर हवे आहे. मोफत शिबिरातही ती ओळ असू द्या, आणि शस्त्रक्रियेनंतर जवळचा चष्मा दिल्याशिवाय नोंद पूर्ण धरू नका. आणि मुला-मुलींनो, विश्रामबागेला अपॉइंटमेंट घ्यायच्या आधी एक संध्याकाळ आई-वडिलांजवळ बसा. किती पैसे घालायचे हे त्यांना विचारू नका. दिवसभर काय करता आणि काय करायचे राहून गेले आहे, हे विचारा, आणि ते जे सांगतील ते डॉक्टरांना जसेच्या तसे सांगा.